एक्केचाळीस वेळा विचारलेला प्रश्न

आमचा तक्ता आईच्या हातून चालायचा आणि सातूच्या हातून मरायचा. आकडे तेच, मॅक्रो तोच, कॉम्प्युटरसुद्धा तोच. आईने बटण दाबलं की थोड्या वेळात बावन्न घरट्यांची उत्तरं पडद्यावर हजर. सातूने तेच काम करायला सांगितलं की लाल अक्षरं यायची, ‘तक्ता प्रतिसाद देत नाही’, आणि सगळं कोलमडायचं. असं त्रेसष्ट दिवस चाललं. माझ्याकडे त्याची वही आहे.

वही ठेवायचं कारण सांगते. मला दुसरं काही करायलाच नव्हतं.

आम्ही माडवेळच्या किनाऱ्यावर राहतो. समुद्र वर चढत आला तसं अख्खं गाव टेकडीपलीकडे गेलं. आधी शाळा गेली, मग दुकान गेलं, आणि दोन हजार बासष्टच्या मे महिन्यात माझी मैत्रीण मुग्धासुद्धा गेली. खाली उरलं फक्त कासव केंद्र, आणि केंद्रात आम्ही तिघं: आई, मी आणि सातू. बाबा मालवाहू जहाजावर असतात, वर्षातले आठ महिने. माझी शाळा पडद्यावर भरते. वर्गात एकतीस मुलं आहेत, पण मधली सुट्टी झाली की पडदा बंद होतो. मग मी डबा उघडते. एकटीने डबा खाण्याइतकी कंटाळवाणी गोष्ट जगात दुसरी नसेल.

सातू म्हणजे आमचा यंत्रमानव. त्याचं सरकारी नाव ‘सहायक सात’. मी त्याचा सातू केला, कारण सहायक म्हणून हाक मारली की कोणी मास्तर आल्यासारखं वाटतं. तो चार वर्षांचा आहे आणि मी बारा वर्षांची, म्हणून तो मला ऋजुताताई म्हणतो. बोलतो मात्र पाठ्यपुस्तकासारखं.

आता कासवांचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. समुद्री कासवं वाळूत खड्डा करून अंडी घालतात आणि निघून जातात. परत बघायलाही येत नाहीत. पन्नासेक दिवसांनी पिल्लं आपली आपण बाहेर येतात. पण हल्ली एप्रिलमध्ये वाळू फार तापते, आणि पस्तीस अंशांच्या वर गेली तर अंडी आतल्या आत मरतात. म्हणून प्रत्येक घरट्यात एक तापमापक पुरलेला असतो. सातू बावन्न तापमापकांचे आकडे आणतो आणि स्प्रेडशीटमध्ये भरतो. स्प्रेडशीट म्हणजे आडव्या-उभ्या रेघांचा तक्ता. त्याच्या चौकटींत आकडे भरले की त्यांची बेरीज-वजाबाकी तोच करतो. कोणत्या घरट्यावर किती पाणी शिंपडायचं ते तक्ता सांगतो आणि सातू तेवढं शिंपडतो. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, दर अर्ध्या तासाने.

हा तक्ता आबांनी केलेला आहे. आबा म्हणजे माझ्या आईचे वडील, या केंद्राचे पहिले शास्त्रज्ञ. त्यांनी त्यात एक मॅक्रो लिहून ठेवला आहे (मॅक्रो म्हणजे एकदा शिकवून ठेवलेली कामांची यादी, एक बटण दाबलं की यादीतली कामं ओळीने होत जातात). आबांना इंग्रजी आज्ञांचा कंटाळा. त्यांच्या तक्त्याला मराठी कळते.

मागच्या वर्षी आबांचा गुडघा गेला. वाळूत चालता येईना, म्हणून ते सांगलीला त्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले, एकटेच. फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही. मी विचारते, “आबा, कसे आहात?” आणि ते सांगतात, “हो, भरती मोठी होती का?” म्हणून आम्ही लिहून पाठवतो, आणि ते लिहून उत्तर देतात.

ते गेल्यावर ठरलं होतं की या फेब्रुवारीपासून मॅक्रो सातूच चालवील. नाही जमलं. रोज सकाळी सहाला सातू एकदा प्रयत्न करायचा. एकदाच, कारण कोलमडलेला कॉम्प्युटर ताळ्यावर यायला तास-दोन तास लागायचे आणि दहाला तो आईला हवा असायचा. मग आई खुर्चीत बसायची ती पाचपर्यंत. संस्थेकडून नवा प्रोग्राम ‘पुढच्या वर्षी’ येणार आहे. हे पुढचं वर्ष मी चौथ्यांदा ऐकते आहे.

दिवसभर माझ्या खोलीत शेजारून तिच्या माऊसचा आवाज यायचा. टिक. टिक. मग अर्धा तास काही नाही. मग परत टिक, टिक. आई भिंतीपलीकडे होती आणि मला तिची आठवण यायची. हे हसण्यासारखं आहे, पण खरं आहे.

सोमवारी आबांचा निरोप आला.

‘येत्या रविवारी मला एक हजार पौर्णिमा पूर्ण होतात. लोक याला सहस्रचंद्रदर्शन म्हणतात आणि मोठा सोहळा करतात. मला सोहळा नको. ढगाळ पौर्णिमा वजा केल्या तर हजार भरतही नाहीत. तुम्ही दोघी आलात तर बरं वाटेल. नाही जमलं तरी समजू शकतो.’

आईने तो निरोप दोनदा वाचला आणि पडदा उलटा ठेवला.

“जायचं ना आई?” मी विचारलं.

“कसं जाणार, ऋजू? इथे बटण कोण दाबणार?”

“सातू.”

“सातूला जमलं असतं तर मी इथे बसले असते का?” ती चिडून म्हणाली. मग जरा वेळाने हळूच म्हणाली, “दहा महिने झाले गं त्यांना बघून.”

तिचा आवाज ऐकून मला इतकं वाईट वाटलं की मी तिथेच ठरवून टाकलं. रविवारच्या आत सातूच्या हातून तक्ता चालवायचा. हातात मंगळवार ते शनिवार, म्हणजे पाच सकाळी होत्या. सकाळी सहाला एक, यापेक्षा जास्त प्रयत्न मिळणार नव्हते.

मी वही घेऊन सातूकडे गेले. तो अंगणात चाकांतली वाळू झाडत होता.

“सातू, तू सकाळी नक्की काय करतोस ते सांग. एकही पायरी गाळू नकोस.”

“ऋजुताताई, माझ्याकडून कसूर झालेली नाही.”

“झाली असं कुठे म्हटलं? सांग तर.”

“प्रथम मी तक्त्याच्या प्रोग्रामला हाक मारतो. तो उघडतो, परंतु पडद्यावर दिसत नाही. मला डोळ्यांनी पाहण्याची गरज नसल्यामुळे तो पडद्याआड, लपून उघडतो. नंतर मी आबांचा तक्ता त्यात उघडतो, आकडे भरतो आणि मॅक्रोला सांगतो, ‘चल.’ नंतर मी उत्तराची वाट पाहतो. दोन मिनिटांत उत्तर न आल्यास हात सोडून देतो. मला तसेच शिकवले आहे.”

“आणि आई काय करते?”

“आई तक्ता पडद्यावर उघडतात आणि बटण दाबतात.”

मी वहीत लिहिलं. आबांनी मला एक गोष्ट शिकवली होती: यंत्र बिघडलं की एकदम दहा गोष्टी बदलू नकोस, नाहीतर कशाने बरं झालं तेही कळत नाही. आईच्या हातून तोच तक्ता चालतो, म्हणजे तक्ता फाटलेला नाही. त्याच कॉम्प्युटरवर चालतो, म्हणजे यंत्रही धड आहे. मग राहिलं एकच. एका प्रोग्रामने दुसऱ्याला बाहेरून हाक मारली की काहीतरी वेगळं होतं.

आणि वहीत आणखी एक गंमत होती. साठ दिवसांपैकी बावीस दिवस तक्ता लगेच मेला होता, डोळ्याची पापणी लवते न लवते तोच. बाकीचे अडतीस दिवस बरोबर दोन मिनिटांनी. एकच दुखणं असेल तर ते असं दोन तऱ्हांनी कसं येईल? मी लिहिलं: दुखणी दोन आहेत.

पहिलं दुखणं डब्याने सापडलं, आणि तेही माझ्या आळसाने. त्याच दुपारी मधल्या सुट्टीत मी खोलीत लोळत होते आणि सातू स्वयंपाकघरात होता. मी फोनवरून त्याला सांगितलं, “सातू, तो समोरचा डबा आण ना.”

“माझ्यासमोर भिंत आहे,” सातू म्हणाला.

“अरे, ओट्यावर. समोरचा!”

“आता वळलो. माझ्यासमोर गॅसची शेगडी आहे. आणू का?”

मी हसायला लागले, आणि हसता हसता उठून बसले. माझ्या डोळ्यांपुढे डबा होता, कारण मी सकाळीच तो तिथे ठेवला होता. सातूचं ‘समोर’ वेगळं होतं. ‘समोर’ हा शब्दच असा आहे की बोलणारा आणि ऐकणारा एका जागी असतील तरच त्याला अर्थ येतो.

“सातू, आबांच्या मॅक्रोची पहिली ओळ वाच.”

“‘समोरच्या तक्त्यातले आकडे घे.’”

झालं! आबांच्या फाइलमध्ये तीन तक्ते आहेत, एकाखाली एक: ‘घरटी’, ‘पाऊस’ आणि ‘पाहुणे’. आई बटण दाबते तेव्हा ‘घरटी’ तिच्या डोळ्यांसमोर उघडा असतो. सातू लपवून उघडतो तेव्हा समोर कोण? तर आदल्या दिवशी फाइल बंद करताना जो वर राहिला असेल तो. कधी ‘घरटी’, कधी ‘पाहुणे’. आणि ‘पाहुणे’मध्ये तापमानाच्या जागी लिहिलेलं असतं, ‘सौ. भिडे आणि मंडळी, चिपळूण.’

“म्हणजे बावीस दिवस,” सातू म्हणाला, “मी भिडे मंडळींचे तापमान मोजायला सांगत होतो.”

“आणि तक्ता बिचारा जागच्या जागी कोसळत होता.”

संध्याकाळी आम्ही ती ओळ बदलली: ‘घरटी नावाच्या तक्त्यातले आकडे घे.’ इथे, तिथे, समोरचा, तो, हा, असले शब्द बाहेरून हाक मारणाऱ्याला चालत नाहीत. त्याला नाव-गाव सांगावं लागतं.

मला वाटलं, जिंकलो. रात्री मी प्रवासाची पिशवीसुद्धा भरली. आबांसाठी केवड्याच्या पानांची टोपी केली होती ती वर ठेवली.

मंगळवारी सकाळी सहाला सातूने हाक मारली. तक्ता लगेच मेला नाही. मी श्वास रोखून घड्याळ बघत होते. एक मिनिट. दीड मिनिट. दोन मिनिटं झाली आणि लाल अक्षरं आली.

बुधवारी तेच. गुरुवारीही तेच. मी पिशवीतली टोपी काढून खुंटीला अडकवली.

गुरुवारी सकाळी आईने माझं तोंड बघितलं असणार. “राहू दे गं,” ती म्हणाली. “मी आबांना कळवते नाही जमत म्हणून. ते समजून घेतात.”

“ते समजून घेतात म्हणूनच तर!” मी ओरडले आणि दार आपटून किनाऱ्यावर गेले. किनाऱ्यावर कोणी नव्हतं. तिथे कधीच कोणी नसतं. बावन्न घरट्यांवर बावन्न काठ्या उभ्या होत्या आणि वाळूखाली पाच हजारांवर पिल्लं झोपली होती, पण त्यांतलं एकही माझ्याशी बोलणार नव्हतं. मी तिथे बसून रडले. सातू आला आणि माझ्यावर त्याची सावली पडेल असा शेजारी उभा राहिला. चार वर्षांच्या मानाने तो समजूतदार आहे.

मग तो म्हणाला, “ऋजुताताई, एक निरीक्षण नोंदवायचे आहे. आई आता बटण दाबतात तेव्हा उत्तराला वीस सेकंद लागतात. फेब्रुवारीत सहा सेकंद लागत होते.”

“जुना झाला असेल कॉम्प्युटर.”

“दोन महिन्यांत?”

तेही खरंच होतं. मी वहीत लिहून ठेवलं, पण त्याचं काय करायचं ते कळेना.

दुपारी दोन वाजता शाळेतून मोकळी झाले तर ओट्यावर आईचं ताट तसंच झाकलेलं. मी अकराला वाढून ठेवलेलं: भाकरी आणि कुळथाचं पिठलं, वर आता साय धरली होती. मी ताट उचललं आणि तिच्या खोलीत गेले. एरवी तिच्या कामाच्या वेळी तिथे जायची मला बंदी होती. दोनची फेरी चालू होती. आईने बटण दाबलं. टिक. पडद्यावर काहीतरी छोटंसं उगवलं आणि तिने परत दाबलं. टिक. ते गेलं, आणि वीस सेकंदांनी उत्तरं आली.

मी ताट धरून दारातच उभी राहिले. टिक, टिक. दोन महिने भिंतीपलीकडून ऐकत होते आणि मोजलं नव्हतं! बटण एक आणि टिक दोन.

“आई, मधे काय केलंस?”

“कुठे काय? बटण दाबलं.”

“नाही, त्यानंतर. परत दाबलंस.”

“ते होय? ते काही नाही गं, ते नेहमीचंच असतं. ‘हो’ म्हणायचं असतं.”

“कशाला हो म्हणायचं असतं?”

तिने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती खरोखरच आठवत होती. रोज पंधरा वेळा दाबत असलेली गोष्ट तिला आठवेना.

“परत चालव ना,” मी म्हटलं.

तिने बटण दाबलं. पडद्याच्या मधोमध एक छोटी चौकट आली. खाली दोन बटणं होती, ‘हो’ आणि ‘नाही’. आणि वर लिहिलेलं होतं:

‘जेवलीस का?’

आईचा हात सवयीने ‘हो’कडे निघाला होता.

“आई, पण तू जेवली नाहीस,” मी म्हटलं. ताट माझ्या हातातच होतं.

ती हात तसाच ठेवून बसली. “आबांनी टाकलेलं आहे ते,” ती म्हणाली. “मी नवीन होते तेव्हा. कामापुढे मला जेवणाची शुद्ध नसायची, म्हणून माझ्यावर चिडायचे. आधी ‘हो’ म्हटल्याशिवाय मॅक्रो पुढे जायचाच नाही. मी म्हणायचे हो आणि जायचे पुढे. जेवलीस का म्हटलं की सगळे हो म्हणतातच की.”

तेवढ्यात सातू दारात आला. त्याच्या डोळ्यांतला निळा दिवा लुकलुकत होता, म्हणजे तो विचार करत होता.

“मी हाक मारतो तेव्हाही हा प्रश्न विचारला जातो काय?” त्याने विचारलं.

मला एकदम कळलं.

“विचारला जातो, सातू. पण तू तक्ता लपवून उघडतोस. प्रश्न पडद्याआड विचारला जातो. तिथे ‘हो’ म्हणायला कोणी नसतं, आणि तो वाट बघत बसतो. दोन मिनिटांनी तू कंटाळून हात सोडतोस…”

“…आणि निघून जातो. परंतु प्रश्न तिथेच राहतो.”

“मग तो अजून तिथे आहे?” आईने विचारलं.

आमचा कॉम्प्युटर कधीच बंद करत नाहीत, कारण तापमापकांची नोंद तुटते. सातूने चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रामची यादी काढली. दिसणारा तक्ता एक होता. लपलेले एक्केचाळीस. प्रत्येकाने थोडी थोडी स्मृती (कॉम्प्युटरची काम करायची जागा, आपल्या ओट्यासारखी) अडवून ठेवली होती. ओट्यावर एक्केचाळीस पातेली मांडली तर पोळी लाटायला जागा कुठली? म्हणून सहाचे वीस सेकंद झाले होते, आणि म्हणून दर सकाळी कॉम्प्युटरच्या नाकीनऊ येत होते.

“मी त्यांना दृश्यमान करू शकतो,” सातू म्हणाला.

“कर,” आई म्हणाली.

आणि ते एकेक करून पडद्यावर यायला लागले. ‘जेवलीस का?’ त्याच्यावर जरा सरकून दुसरं, ‘जेवलीस का?’ मग तिसरं, चौथं. सगळा पडदा भरून गेला तरी येतच राहिले. सर्वांत जुनं फेब्रुवारीतलं, त्रेसष्ट दिवसांतल्या पहिल्याच दिवसाचं होतं. तेव्हापासून ते अंधारात तसंच थांबलं होतं, कोणीतरी उत्तर देईल म्हणून. मी मोजले. एक्केचाळीस.

आईने तोंडावर पदर धरावा तशी ओढणी धरली होती. मला आबांचा सांगलीचा फ्लॅट दिसायला लागला, तिसऱ्या मजल्यावरचा. त्यांचेच प्रश्न आमच्याकडे अडकून पडले होते, त्यांच्यामुळे आई खुर्चीत अडकली होती, आणि आई अडकली म्हणून आबांना कोणी विचारायला नव्हतं.

“उपाय सोपा आहे,” सातू म्हणाला. “ती ओळ पुसून टाकू.”

“नाही!” मी आणि आई एकदम म्हणालो.

“मग ‘हो’ दाबून हे सर्व बंद करू.”

मी माऊस घेतला. पण ‘हो’ खोटं होतं. आईचं ताट शेजारी होतं, न उष्टावलेलं. मी विचारलं, “‘नाही’ दाबलं तर काय होतं?”

“काय माहीत,” आई म्हणाली. “कोणी कधी दाबलेलंच नाही.”

मी ‘नाही’ दाबलं. सगळ्यांत वरची चौकट गेली आणि तिच्या जागी दुसरी आली, जरा मोठी.

‘मग ऊठ. आधी जेव. वाळू वीस मिनिटांत पाव अंशसुद्धा तापत नाही, मी मोजलंय. कासवं थांबतील.’

आई हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. “मोजलंय म्हणे,” ती म्हणाली. “बारा वर्षं झाली, बारा वर्षं हे इथे लिहिलेलं होतं!” मग ती खुर्चीतून उठली, जमिनीवर बसली आणि पिठल्याची साय बाजूला करून भाकरी खाऊ लागली. मीही तिच्या ताटात जेवले. दुसऱ्यांदा जेवले, पण त्याला काय होतं!

त्या संध्याकाळी आम्ही उरलेल्या चाळीस चौकटी बंद केल्या आणि मॅक्रोत तीन गोष्टी घातल्या. त्या सांगते, कारण बाहेरून तक्ता चालवणाऱ्या कोणालाही उपयोगी पडतील. प्रत्येक तक्त्याला नावाने हाक मारायची, ती तर झालीच होती. दुसरी, प्रश्न विचारायच्या आधी बघायचं की आपण पडद्यावर दिसतो आहोत का. दिसत असू तर समोर माणूस आहे, त्याला विचारायचं. लपलेलो असू तर समोर यंत्र आहे, मग न विचारता पुढे जायचं. तिसरी गोष्ट सातूसाठी होती: काम झालं किंवा फसलं, तरी निघताना तक्ता बंद करून जायचं, कोणालाही तिथे थांबवून ठेवायचं नाही.

“तिसरी माझी कसूर होती,” सातू म्हणाला. “मी मान्य करतो.”

शुक्रवारी सकाळी सहाला सातूने हाक मारली. पाच सेकंदांत बावन्न घरट्यांची उत्तरं आली. सातूने मागचं लपलेलं सगळं तपासलं: शून्य. मी खुंटीवरून टोपी काढली. शनिवारी दिवसभर आई नुसती खुर्चीच्या मागे उभी राहून बघत होती आणि सातू एकटा चालवत होता. पंधराच्या पंधरा फेऱ्या झाल्या. पाचला ती म्हणाली, “पिशवी भर.”

रविवारी उजाडताच निघालो. आंबा घाट चढत असताना सातूचा निरोप आला: ‘दहाची फेरी पूर्ण. सर्व घरट्यांना पाणी दिले. तक्ता बंद केला. नवव्या घरट्यातील वाळू किंचित हलत आहे. पिल्ले बहुधा उद्या येतील. तुम्ही परत येईपर्यंत मी त्यांचे चित्रण करीन.’

मी आईला वाचून दाखवलं. मग आबांना लिहिलं. आम्ही येतोय हे त्यांना सांगितलेलं नव्हतं, गंमत करायची होती.

‘आबा, जेवलात का?’

पटकन उत्तर आलं. ‘हो.’

मी परत लिहिलं, ‘“नाही” दाबलं तर काय होतं ते आम्ही बघितलं. खरं सांगा.’

या वेळी बराच वेळ काही आलं नाही. घाट संपला, उसाची शेतं सुरू झाली. मला वाटलं, रागावले. मग फोन वाजला.

‘नाही. एकट्यासाठी काय करायचं, म्हणून राहून जातं.’

आईने न बघताच विचारलं, “काय म्हणतात?” मी वाचलं. तिने दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं.

“लिही, कुकर लावा. तिघांचा. एक वाजेपर्यंत पोचतो.”

मी लिहिलं. आबांनी आयुष्यभर वाळू मोजली, अंडी मोजली, पौर्णिमासुद्धा मोजल्या. त्यांचं उत्तर आलं:

‘तिघांना तांदूळ किती लागतो ते आता आठवत नाही. सांग.’

आईने गाडी कडेला घेतली आणि थांबवली.

“दीड वाटी,” ती म्हणाली.

मी लिहिलं, ‘दीड वाटी.’